जुन्या लोकप्रिय गाण्यांची वाद्यवृंद-संयोजने भाड्याने घेताना

आपल्या प्रश्नाचा आशय मला असा समजला आहे. न्यू जर्सीतल्या आपल्या हौशी सिंफनी वाद्यवृंदाला पुढच्या हंगामात १९३० ते १९६० या काळातल्या अमेरिकन लोकप्रिय गाण्यांची एक संध्याकाळ करायची आहे आणि त्यासाठी गायिका ठरलेली आहे. ध्वनिमुद्रिकांवर ऐकू येतात तीच मूळ संयोजने (कोणत्या वाद्याने काय वाजवायचे याचे लेखन) भाड्याने मिळतील का, कोणाकडून आणि कोणत्या अटींवर, आणि त्याच कार्यक्रमात एखादे जुने हिंदी चित्रपटगीत घेता येईल का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. अमेरिकेतल्या वाद्यवृंदांच्या संगीत-ग्रंथालयांत मी दीर्घकाळ काम करते आहे. अशी सामग्री मागवणे, तपासणे, दुरुस्त करणे आणि वेळेवर परत पाठवणे हाच माझा व्यवसाय आहे, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देते.

भाडे किती, हा प्रश्न बहुतेक समित्या सर्वांत आधी विचारतात. माझा आग्रह असा की तो सर्वांत शेवटी विचारावा. भाड्याने हाती येतात ते एका विशिष्ट संयोजकाने, एका विशिष्ट गायकाच्या पट्टीत, ठरावीक वादकांसाठी आणि पुष्कळदा मायक्रोफोनसमोर वाजवण्यासाठी लिहिलेले कागद. संयोजन कोणी लिहिले, कोणासाठी लिहिले, कोणत्या वाद्यमेळासाठी लिहिले आणि आपल्या हाती येणारी प्रत त्या मूळ लेखनापासून किती अंतरावर आहे, या चार गोष्टी लेखी कळल्याशिवाय कोणताही करार करू नये. सूचीत ‘मूळ संयोजन’ असे लिहिलेले असले तरी त्याखाली फार वेगवेगळ्या गोष्टी येतात, आणि त्यांतली एक आपल्या वाद्यवृंदाला अगदी चपखल बसते, तर दुसरी सगळा कार्यक्रम अडचणीत आणू शकते.

यांतला सर्वांत जुना प्रकार म्हणजे ‘स्टॉक’. विसाव्या शतकाच्या पहिल्या चार-पाच दशकांत गाण्यांचे प्रकाशक प्रत्येक चालत्या गाण्याचे छापील वाद्यवृंद-संच काढत आणि हॉटेलांतले, जहाजांवरचे, नाट्यगृहांतले आणि मूकपटगृहांतले वाद्यमेळ ते विकत घेत. त्यांत पूर्ण स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र दाखवणारी संचालकाची प्रत, जवळजवळ कधीच नसतो. संचालकाला ‘पियानो-कंडक्टर’ नावाच्या दोन-तीन ओळींच्या पार्टवरून काम चालवावे लागते (पार्ट म्हणजे एका वादकासमोरचे कागद). कमी वादक असले तरी गाणे उभे राहावे म्हणून एका वाद्याची सुरावट दुसऱ्याच्या पार्टमध्ये लहान आकाराच्या स्वरांत छापलेली असते, आणि पूर्ण मेळ बसलेला असताना ते लहान स्वर वाजवायचे नसतात, हे आजच्या वादकांना पहिल्या तालमीतच स्पष्ट सांगावे लागते. १९२० च्या दशकातल्या संचांत बँजो आणि ट्यूबा असतात, पुढच्या दशकात त्यांची जागा गिटार आणि डबल बास घेतात, त्यामुळे पार्टची यादी पाहिली की संचाचा काळ साधारण ओळखता येतो. हे संच पुष्कळ टिकले आहेत आणि ते मन लावून वाजवले की फार सुंदर वाटतात. न्यूयॉर्कचे संचालक रिक बेंजामिन यांनी १९८५ मध्ये जुन्या काळचे बँडचालक आर्थर प्रायर यांच्या संग्रहातली अशी सामग्री वाचवली आणि तिच्या बळावर पॅरागॉन रॅगटाइम ऑर्केस्ट्रा उभा केला. परंतु ध्वनिमुद्रिकेवर ऐकलेला आवाज स्टॉकमधून मिळणार नाही, कारण नावाजलेल्या गायकांसाठी आणि बँडसाठी बहुधा स्वतंत्र संयोजन लिहून घेतले जाई.

दुसरा प्रकार ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवरच्या, संगीतिकांचा. आपल्या यादीतली निम्मी गाणी मुळात रंगभूमीवरची असणार, आणि ती तिथे पंचवीस-तीस वादकांच्या मेळासाठी लिहिली गेली. रॉबर्ट रसेल बेनेट यांचे नाव या क्षेत्रात सर्वांत आदराने घेतले जाते. १९२७ च्या ‘शो बोट’पासून १९५९ च्या ‘द साउंड ऑफ म्युझिक’पर्यंत कितीतरी संगीतिकांचे वाद्यलेखन त्यांचे आहे. नाट्यगृहातल्या या पार्टमध्ये सुषिर वाद्यांची विभागणी सिंफनी वाद्यवृंदासारखी नसते. ‘रीड एक’, ‘रीड दोन’ अशा वह्या असतात आणि एका वहीत एकच वादक बासरी, क्लॅरिनेट आणि आल्टो सॅक्सोफोन आळीपाळीने वाजवतो. आपल्या बासरीवादकांना सॅक्सोफोन येत नसेल, तर एक वही दोन-तीन खुर्च्यांत फोडावी लागते आणि कोणी कुठे थांबायचे, कोणी कुठून उचलायचे याचा तक्ता ग्रंथपालाला करावा लागतो. शिवाय ही सामग्री बहुधा प्रयोगाचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेकडेच असते, आणि सुटे गाणे मैफलीसाठी द्यायचे की नाही हे ती संस्था ठरवते.

तिसरा प्रकार रेडिओ आणि ध्वनिमुद्रणासाठी हाताने लिहिलेल्या चार्टचा, म्हणजे संयोजनाच्या कागदांचा. आपल्या मनात आहे तो हाच. नेल्सन रिडल, बिली मे, गॉर्डन जेंकिन्स, पॉल वेस्टन या संयोजकांनी १९५० च्या दशकात जे लिहिले, त्याने त्या गाण्यांचे रूप कायमचे ठरवून टाकले. कोल पोर्टर यांचे १९३६ मधले ‘आय हॅव गॉट यू अंडर माय स्किन’ आज ज्या घडणीत सगळ्यांच्या कानांत आहे, ती रिडल यांनी १९५६ मध्ये गायक फ्रँक सिनात्रा यांच्यासाठी केलेली आहे. मधला ट्रॉम्बोनच्या एकल वादनापर्यंत चढत जाणारा भाग मूळ गाण्यात नाही, तो संयोजकाचा आहे. या चार्टबद्दल मला जितके प्रेम आहे तितकीच त्यांच्याबद्दल सावधगिरीची सूचनाही द्यावीशी वाटते. ते मायक्रोफोनवर विसंबून लिहिलेले आहेत. खालच्या सप्तकातली बासरी, म्यूट लावलेले ट्रम्पेट, चेलेस्टा या मंजुळ आवाजाच्या पियानोसारख्या वाद्याचे चार सूर आणि त्यांच्यासमोर आठ ब्रास (पितळी सुषिर) वाद्ये असा मेळ स्टुडिओत सहज जमतो, कारण बासरीच्या तोंडाशी स्वतंत्र मायक्रोफोन असतो. आपल्या सभागृहात तीच बासरी तिसऱ्या रांगेपलीकडे पोहोचणार नाही. म्हणून हा प्रकार निवडलात तर जाणकार ध्वनिसंयोजक, वेगवेगळ्या विभागांसाठी मायक्रोफोन आणि सभागृहात निदान एक पूर्ण तालीम, हा खर्च भाड्याइतकाच अपरिहार्य समजावा.

चौथा प्रकार मैफलीसाठी, म्हणजे थेट सिंफनी वाद्यवृंदासाठी केलेल्या संयोजनांचा. बॉस्टन पॉप्स हा वाद्यवृंद १८८५ पासून आहे, आणि आर्थर फीडलर यांनी १९३० ते १९७९ या काळात त्याला जी दिशा दिली त्यातून अशा लेखनाची मोठी परंपरा तयार झाली. लेरॉय अँडरसन आणि रिचर्ड हेमन यांची तिथली कामगिरी सर्वश्रुत आहे. बेनेट यांनी संचालक फ्रिट्झ रायनर यांच्या सांगण्यावरून १९४२ मध्ये गर्श्विन यांच्या ‘पोर्गी अँड बेस’ या ऑपेरामधल्या संगीताचे जे ‘सिंफॉनिक पिक्चर’ रचले, तेही याच जातीचे. यांत वाद्यांचा तोल सभागृहासाठीच साधलेला असतो, दोन-दोन लाकडी सुषिर वाद्ये, चार हॉर्न, पूर्ण तंतुवाद्ये अशी आपल्याकडे असलेलीच मांडणी असते, आणि सॅक्सोफोन असलेच तर पर्यायी असतात. माझ्या मते हौशी वाद्यवृंदाने कार्यक्रमाचा कणा या चौथ्या प्रकारातून घ्यावा, आणि ध्वनिमुद्रिकेवरचे मूळ चार्ट तीन-चारच घ्यावेत, पण ते पूर्ण तयारीनिशी वाजवावेत.

आता ‘मूळ’ किती मूळ असते, याबद्दल. या क्षेत्रात कागद जपण्याची सवय फार उशिरा लागली. हॉलिवूडच्या एमजीएम या चित्रपट-स्टुडिओने आपल्या संगीत-ग्रंथालयातले स्कोअर आणि पार्ट १९६० च्या दशकाच्या अखेरीस कचऱ्यात काढले. टिकून राहिले ते मुख्यतः काही ओळींचे संक्षिप्त पियानो-कंडक्टर स्कोअर. त्यांच्या आधाराने आणि चित्रपटातले ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकून इंग्लंडचे संचालक जॉन विल्सन यांनी ती वाद्यरचना ओळीओळीने परत लिहिली आणि २००९ मध्ये बीबीसी प्रॉम्स या लंडनच्या संगीत-महोत्सवात वाजवली. उलट उदाहरण सिकॉकसचे. तुमच्याच न्यू जर्सीतल्या या गावी वॉर्नर ब्रदर्सच्या एका गोदामात १९८२ मध्ये ८० च्या आसपास पेट्या सापडल्या आणि त्यांत गर्श्विन, कर्न, पोर्टर, रॉजर्स यांच्या संगीतिकांची हरवली असे समजली गेलेली हस्तलिखिते निघाली. त्यानंतरच्या काळात झालेल्या अनेक पुनर्रचनांचा पाया तो साठा आहे.

म्हणून संच देणाऱ्याला विचारावे, की ही मूळ पार्टची प्रत आहे, मूळ स्कोअरवरून संगणकावर नव्याने उतरवलेली आहे, ध्वनिमुद्रण ऐकून लिहिलेली आहे, की त्या शैलीत कोणी अलीकडे केलेले नवे संयोजन आहे. चारही प्रामाणिक व्यवहार असू शकतात. ऐकून लिहिलेली प्रत पुष्कळदा वाजवायला अधिक सोपी आणि स्वच्छ असते. मात्र जाड ब्रासखाली दबलेले मधले सूर कानाला नीट ओळखता येत नाहीत. तिथे उतरवणाऱ्याने अंदाज केलेला असतो आणि व्हायोला व दुसऱ्या-तिसऱ्या ट्रॉम्बोनच्या पार्टमध्ये तो अंदाज उघडा पडतो. कार्यक्रमपत्रिकेत संयोजकाचे नाव छापताना तर हा भेद पाळलाच पाहिजे. रिडल यांचे नाव लिहून दुसऱ्याने अंदाजाने भरलेले सूर वाजवणे हा त्या माणसावर अन्याय आहे, आणि ज्याने महिनोन्‌महिने बसून ते उतरवले त्याच्यावरही.

शोध कुठे घ्यावा, तर सुरुवात मोठ्या प्रकाशकांच्या भाडे-विभागांपासून करावी. बूझी अँड हॉक्स, शर्मर आणि त्यांच्यासारख्या बहुतेकांच्या मागण्या आता झिन्फोनिया या एकाच ऑनलाइन यंत्रणेतून नोंदवता येतात, तिथे गाण्याच्या नावाने आणि संयोजकाच्या नावाने वेगवेगळे शोधावे. काही संयोजकांचे कागद त्यांचे वारस किंवा त्यांनी नेमलेले प्रतिनिधी भाड्याने देतात. विद्यापीठांतले संग्रह हा वेगळा विषय आहे. रिडल यांचे संगीत ॲरिझोना विद्यापीठात आहे आणि पॉल व्हाइटमन यांच्या बँडचा प्रचंड संग्रह मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजात आहे. पण अभिलेखागार म्हणजे भाड्याचे दुकान नव्हे. तिथे कागद पाहता येतात, हक्कधारकाची लेखी परवानगी आणल्यास प्रत मिळू शकते, आणि त्या प्रतीवरून वाजवण्याजोगे पार्ट करून घेण्याचे काम आपल्यावरच येते. पहिल्याच वर्षी या वाटेला जाऊ नये असे मी म्हणेन.

आपल्याकडे गायिका ठरलेली आहे, आणि आपल्या योजनेतली सर्वांत नाजूक बाब मला हीच वाटते. सिनात्रा यांच्यासाठी लिहिलेले चार्ट पुरुषाच्या मध्यम आवाजाच्या पट्टीत आहेत. आपल्या गायिकेला ते साधारण चार-पाच सुरांनी वर किंवा खाली न्यावे लागतील. गायकाला पट्टी बदलून देणे हे आपल्या मराठी मैफलीत पेटीवाल्याचे क्षणाचे काम असते, पण साठ वादकांच्या संयोजनात तसे होत नाही. सगळे चार सुरांनी वर नेले तर पहिला ट्रम्पेट त्याच्या आवाक्याबाहेर जातो. खाली नेले तर बास ट्रॉम्बोन आणि चेलो चिखलासारखे जड वाजतात, व्हायोलिनला तर तिच्या सर्वांत खालच्या तारेपलीकडचे सूर मुळातच नसतात. संगणकावर एक बटण दाबून हे होते असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. प्रत्येक स्वरसमूहाची मांडणी हाताने पुन्हा करावी लागते आणि भाड्याचे बहुतेक करार तसा बदल परवानगीशिवाय करू देत नाहीत. त्यापेक्षा स्त्रीच्या आवाजासाठी लिहिलेलेच संयोजन शोधावे. गायिका एला फिट्झजेराल्ड यांच्या ‘साँगबुक’ या ध्वनिमुद्रिकांच्या मालिकेत कोल पोर्टर यांची गाणी १९५६ मध्ये बडी ब्रेगमन यांनी, अर्व्हिंग बर्लिन यांची १९५८ मध्ये पॉल वेस्टन यांनी, गर्श्विन बंधूंची १९५९ मध्ये रिडल यांनी आणि हॅरोल्ड आर्लेन यांची १९६१ मध्ये बिली मे यांनी संयोजित केली. लिंडा रॉनस्टॅट यांच्यासाठी रिडल यांनी १९८० च्या दशकात केलेले लेखन तर भरगच्च तंतुवाद्यांचे आहे. या नावांनी शोध घेतला तर आपल्या गायिकेच्या पट्टीच्या जवळचे काहीतरी हाती लागण्याची शक्यता पुष्कळ वाढते. आणि करार करण्यापूर्वी गायिकेला पियानोवर त्या नेमक्या पट्टीत पूर्ण गाणे गाऊन पाहायला सांगावे, शेवटच्या उंच सुरासकट.

पट्टीचाच आणखी एक पैलू आहे. या चार्टमध्ये डी-फ्लॅट, म्हणजे आपल्या पेटीवरची काळी एक, किंवा जी-फ्लॅट अशा पट्ट्या सर्रास येतात. ब्रासवादकांना त्या सवयीच्या असतात. हौशी व्हायोलिनवादकांना पाच-सहा कोमल खुणांची ओळ पाहूनच धडकी भरते, कारण मोकळ्या तारा जवळजवळ वापरताच येत नाहीत. तंतुवाद्यांचे पार्ट इतरांपेक्षा आधी हाती द्यावेत, हे माझे नेहमीचे सांगणे असते.

आता हक्कांकडे वळते. यात तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत सतत होते: गाणे, त्याचे संयोजन आणि कागदांचा संच. भाडे मुख्यतः संचासाठी असते. जाहीर मैफलीत गाणे सादर करण्याचा हक्क सामान्यतः ॲस्कॅप (स्थापना १९१४) किंवा बीएमआय (स्थापना १९३९) यांसारख्या संस्थांच्या परवान्यातून मिळतो, आणि एकाच कार्यक्रमात दोन्हींकडची गाणी असू शकतात, म्हणून सभागृहाकडे कोणकोणते परवाने आहेत ते लेखी विचारावे. गाण्यांमध्ये संवाद, वेशभूषा आणि कथानक घातलेत तर तो नाट्यप्रयोग ठरू शकतो. त्यासाठी हा परवाना चालत नाही आणि थेट हक्कधारकांशी बोलावे लागते. आपल्याला कार्यक्रमाचे चित्रीकरण करून ते ऑनलाइन ठेवायचे असेल तर त्याची परवानगी गाण्याच्या प्रकाशकाकडून आणि संयोजन देणाऱ्याकडूनही स्वतंत्रपणे, कार्यक्रमाच्या आधीच घ्यावी. नंतर मागितलेली परवानगी महाग पडते, आणि कधीकधी मिळतच नाही.

गाण्यावरच्या हक्काची मुदत संपून ते मोकळे झाले म्हणजे संयोजनही मोकळे झाले, हा समज मी सर्वांत जास्त वेळा ऐकते. अमेरिकेत त्या काळातल्या प्रकाशित गाण्याचे संरक्षण प्रकाशनापासून ९५ वर्षे टिकते, त्यामुळे १९२९ मध्ये प्रकाशित झालेली गाणी १ जानेवारी २०२५ रोजी मोकळी झाली. भारतात मात्र लेखकाच्या मृत्यूनंतरची ६० वर्षे मोजतात. पोर्टर १९६४ मध्ये वारले; शब्द आणि चाल दोन्ही त्यांचीच असल्यामुळे वर उल्लेखलेले १९३६ मधले त्यांचे गाणे भारतात १ जानेवारी २०२५ पासून मोकळे आहे, पण अमेरिकेत ते २०३१ च्या अखेरपर्यंत संरक्षित राहील. आणि रिडल १९८५ मध्ये वारले, म्हणजे त्यांनी केलेले त्याचे संयोजन भारतातसुद्धा २०४५ संपेपर्यंत संरक्षित आहे. हाच कार्यक्रम पुढे मुंबईत करण्याचा विचार असेल, तर ही गणिते देशागणिक नव्याने मांडावी लागतील. तसेच, भाडे वाचवण्यासाठी आपल्यापैकी कोणी संरक्षित गाण्याचे नवे संयोजन करणार असेल, तर त्यासाठीही प्रकाशकाची परवानगी लागते. सादरीकरणाच्या परवान्यात ती येत नाही.

भाडे ठरवताना वाद्यवृंदाचे वार्षिक अंदाजपत्रक, सभागृहाची आसनसंख्या, तिकिटाचा दर, रचनेची लांबी आणि प्रयोगांची संख्या विचारात घेतात, त्यामुळे दुसऱ्या वाद्यवृंदाने किती दिले यावरून आपला आकडा काढता येत नाही. ही माहिती खरी आणि पूर्ण द्यावी. करारात पाहायच्या गोष्टी थोड्याच आहेत: संच किती आठवडे हाती राहील, मुदत ओलांडल्यास दर आठवड्याला काय पडेल, तंतुवाद्यांचे किती जादा पार्ट मिळतील, पाठवण्याचा आणि विम्याचा खर्च कोणाचा, आणि एखादा पार्ट हरवल्यास काय. पाहण्यापुरता स्कोअर आधी मागवण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते. ती वापरल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण सूचीतल्या आकड्यांत न दिसणाऱ्या गोष्टी, म्हणजे तिसऱ्या क्लॅरिनेटने मध्येच बास क्लॅरिनेट उचलणे किंवा गिटारवादकाचा दोन पानांचा एकल तुकडा, फक्त स्कोअरमध्येच दिसतात.

संच आल्यावरचे काम सर्वांत कष्टाचे असते आणि समित्या त्यासाठी वेळच ठेवत नाहीत. त्या काळातले व्यावसायिक नकलनवीस पारदर्शक कागदावर शाईने पार्ट लिहीत आणि त्यावरून ओझॅलिड पद्धतीने प्रती काढत. त्या प्रती कालांतराने तपकिरी पडतात, रेघा फिकट होतात, आणि त्यांच्यावर ज्या-ज्या वादकांनी ते वाजवले त्यांच्या पेन्सिलीच्या खुणांचे थर साचलेले असतात. स्टुडिओत ऐनवेळी केलेली काटछाट पाच पार्टमध्ये नोंदलेली असते आणि सहाव्यात राहून गेलेली असते. तालमीच्या खुणा म्हणून एका पार्टमध्ये अक्षरे असतात, दुसऱ्यात आकडे. ध्वनिमुद्रिकेवर गाणे हळूहळू विरत जाऊन संपते, पण कागदावर शेवटचे आठ बार (तालाचे खंड) नुसते पुनरावृत्तीच्या खुणेत अडकलेले असतात; मैफलीसाठी शेवट कसा करायचा हे संचालकाने आधी ठरवून प्रत्येक पार्टमध्ये लिहायला हवे. म्हणून पहिल्या तालमीपूर्वी कोणीतरी एकाने सगळे पार्ट एकेक बार घेऊन स्कोअरशी ताडून पाहावेत, सगळीकडे एकसारखे बार क्रमांक घालावेत आणि कॉन्सर्टमास्टरकडून (पहिल्या व्हायोलिनच्या प्रमुखाकडून) गजाच्या दिशा घेऊन त्या सगळ्या तंतुवाद्यांच्या पार्टवर उतरवाव्यात. एका गाण्याला एक पूर्ण संध्याकाळ सहज लागते. वाद्यवृंद-ग्रंथपालांची मोला ही संघटना १९८३ पासून काम करते आणि चांगला पार्ट कसा असावा याची तिची मार्गदर्शक तत्त्वे सर्वांना उपलब्ध आहेत; पान उलटायला वादकाला मोकळा वेळ मिळेल अशा जागीच पान संपले पाहिजे, यासारखी साधी पण निर्णायक सूत्रे त्यांत आहेत. नव्याने पार्ट करून घेणार असाल तर ती नकलनविसाच्या हाती द्यावीत.

लयीबद्दल एक सूचना तालमीच्या पहिल्या पाच मिनिटांत देण्याजोगी आहे. या संगीतात सारख्या लांबीचे म्हणून लिहिलेले अर्ध्या मात्रेचे सूर सारखे वाजवायचे नसतात, पहिला लांब आणि दुसरा आखूड असा झोका त्यांत हवा असतो. जुन्या स्टॉकमध्ये तोच झोका पहिल्या सुरापुढे टिंब देऊन लिहिलेला असतो, आणि तो लिहिल्याबरहुकूम वाजवला तर ताठर वाटतो. सिंफनी परंपरेत वाढलेले व्हायोलिनवादक कागदाशी अत्यंत प्रामाणिक असतात, त्यामुळे ब्रास एका लयीत आणि तंतुवाद्ये दुसऱ्या लयीत असा प्रकार होतो. ड्रमवादक आणि बासवादक या शैलीतले अनुभवी असावेत, मग त्यासाठी दोन व्यावसायिक वादक मानधन देऊन बोलवावे लागले तरी चालेल. अंदाजपत्रकात काटकसर करायची असेल तर एक गाणे कमी करावे, या दोन खुर्च्यांत करू नये.

आपल्या शेवटच्या प्रश्नाबद्दल. हिंदी चित्रपटगीताचे मूळ वाद्यवृंद-पार्ट भाड्याने देणारी अशी व्यवस्था माझ्या माहितीत नाही. या दोन जगांचा संबंध मात्र खरा आणि जवळचा आहे. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३० च्या दशकात लिऑन ॲबी आणि टेडी वेदरफर्ड यांच्यासारखे अमेरिकन वादक येऊन गेले, आणि त्यांच्याबरोबर व त्यांच्यानंतर हे संगीत वाजवणारे पुष्कळसे वादक गोव्याचे होते. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत, त्यामुळे परदेशी संगीताचे कागद समोर ठेवले की ते थेट वाचून वाजवू शकत. हेच वादक पुढे चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात आले, आणि सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट यांनी संगीतकारांच्या चालींना वाद्यवृंदाचे जे रूप दिले, त्यात रिडल आणि बेनेट यांच्या पिढीचे तंत्र स्पष्ट ऐकू येते. ध्वनिमुद्रण संपल्यावर त्यांनी लिहिलेले कागद जपून ठेवण्याची पद्धत नव्हती. या माणसांची नावेसुद्धा तबकडीवर क्वचितच छापली गेली, याची मला मनापासून हळहळ वाटते.

म्हणून त्या एका गाण्यासाठी ध्वनिमुद्रण ऐकून संयोजन उतरवून घेणे हाच मार्ग आहे. गाण्याचे हक्क ज्या प्रकाशकाकडे आहेत त्याची लेखी परवानगी आधी घ्यावी, मग चित्रपटसंगीताचा कान असलेला आणि सिंफनी वाद्यवृंदासाठी लिहू शकणारा, असा दोन्ही बाजूंचा माणूस शोधावा. ज्या गाण्यात तंतुवाद्यांचे मोठे प्रतिसाद आहेत असे गाणे निवडावे. ढोलक-तबल्याच्या बारकाव्यांवर उभे असलेले गाणे निवडल्यास तालवादक वेगळे आणावे लागतील आणि तुमचे पन्नास वादक बहुतांश वेळ नुसते बसून राहतील. पत्रिकेत संगीतकार आणि गीतकार यांच्याबरोबर मूळ संयोजकाचे नाव, ते निश्चित माहीत असेल तर, आणि उतरवणाऱ्याचे नाव ही दोन्ही वेगळ्या ओळींत छापावीत.

वेळेचा हिशेब असा ठेवावा: कार्यक्रमाच्या निदान सहा महिने आधी यादी आणि गायिकेच्या पट्ट्या पक्क्या, चार महिने आधी पाहण्यापुरते स्कोअर वाचून झालेले, त्यानंतर लगेच करार, आणि पार्ट हाती आल्यापासून पहिल्या तालमीपर्यंत तीन आठवडे केवळ तपासणीसाठी. वादकांना फक्त मऊ पेन्सिल वापरायला सांगावे. शेवटच्या प्रयोगानंतर मंचावरून खाली उतरण्यापूर्वीच प्रत्येक स्टँडवरून पार्ट गोळा करून यादीशी ताडावेत, कारण दुसऱ्या दिवशी घरी गेलेला तिसऱ्या हॉर्नचा पार्ट परत मिळवायला पंधरवडा जातो. आपण घातलेल्या खुणा खोडून, आलेल्या क्रमानेच संच बांधावा आणि पावती मिळेल अशा पद्धतीने विमा काढून पाठवावा. तपासणीत सापडलेल्या चुकांची बार क्रमांकांसह टंकलिखित यादी त्याच पेटीत सर्वांत वर ठेवावी आणि तिची एक प्रत आपल्याकडे जपून ठेवावी. ते गाणे पुन्हा मागवाल तेव्हा, दुरुस्त्या झालेल्या असोत वा नसोत, निम्मे काम तयार असेल.